बेसमेंटमध्ये पाणी शिरण्याआधी पॉलिसी उघडा

न्यू जर्सीत घर घेणाऱ्या प्रत्येक ओळखीच्या कुटुंबाला मी आधी हेच विचारते: पॉलिसीत ‘वॉटर बॅकअप’ आहे का? घराच्या नेहमीच्या विम्यात अचानक फुटलेल्या पाइपचं पाणी धरतात. गटार तुंबून ड्रेनमधून उलटं आलेलं, किंवा सम्प पंप (बेसमेंटच्या खड्ड्यात जमणारं पाणी बाहेर फेकणारा पंप) बंद पडल्याने साचलेलं पाणी सहसा धरत नाहीत. त्यासाठी ‘वॉटर बॅकअप’चं वेगळं एंडोर्समेंट, म्हणजे पॉलिसीला जोडलेलं जादा कलम, घ्यावं लागतं. त्याची मर्यादाही बघा. पाच हजार डॉलरांत सजवलेलं बेसमेंट पुन्हा उभं राहत नाही.

बाहेरून जमिनीवरून आत आलेलं पाणी म्हणजे पूर, आणि त्याचा विमा निराळा. एनएफआयपी या सरकारी पूरविमा योजनेची पॉलिसी घेतल्यापासून साधारणपणे 30 दिवसांनी लागू होते. 2021च्या सप्टेंबरात आयडा वादळाच्या पुराने इथे काय केलं ते आठवा; बातम्या बघून फोन केलात तर उशीर झालेला असतो. शिवाय बेसमेंटमधला फर्नेस, वॉटर हीटर, विजेचं पॅनेल ही पूरविम्याची पॉलिसी भरून देते. कार्पेट, सोफा नाही. गणपतीचं मखर आणि जुने अल्बम वरच्या मजल्यावरच ठेवा.

पाणी आलंच, तर पाण्यात उभं राहून ब्रेकरला हात लावू नका. भिंतीवरच्या पाण्याच्या रेघेला टेप लावून फोटो घ्या. पुरावा म्हणून कार्पेटचा तुकडा कापून ठेवा, बिघडलेला पंपही टाकू नका. क्लेम करताना पाणी नेमकं कुठून आलं ते, डोळ्यांनी पाहिलं तेवढंच सांगा. सगळा निर्णय त्यावरच होतो.