मुंबई विमानतळावर मेट्रोने जाताना

मुंबईच्या विमानतळावर रेल्वेने जायचे असल्यास प्रथम आपल्या तिकिटावर टी १ लिहिले आहे की टी २, हे पाहावे, कारण मेट्रो ३ वर या दोन्ही टर्मिनलांसाठी स्वतंत्र स्थानके आहेत आणि त्यांच्यामध्ये सहार रोड स्थानक येते. देशांतर्गत विमाने दोन्हीकडून सुटत असल्याने केवळ अंदाजावर उतरू नये.

मेट्रो ३ ही आरे ते कफ परेड अशी ३३.५ किलोमीटरची भुयारी मार्गिका ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाली. तेव्हा ठरलेले भाडे अंतरानुसार १० ते ७० रुपये असून, टॅक्सीच्या मानाने ते किरकोळच म्हणावे लागेल. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, चर्चगेट, मुंबई सेंट्रल किंवा दादरहून निघणाऱ्यांना गाडी बदलावी लागत नाही.

ठाणे-कल्याणकडून येणाऱ्यांनी लोकलने घाटकोपर आणि बोरिवली-विरारकडून येणाऱ्यांनी अंधेरी गाठावी, तेथून मेट्रो १ ने मरोळ नाका येथे उतरावे व मेट्रो ३ पकडावी. टी २ हे त्यापुढचेच स्थानक आहे. लोकलचे भाडे अर्थातच वेगळे पडते. मात्र सकाळच्या गर्दीत मोठ्या बॅगा घेऊन लोकलमध्ये चढण्याचे धाडस शक्यतो टाळावे.

क्यूआर तिकीट भुयारी स्थानकात उतरण्यापूर्वीच मोबाइलवर काढून ठेवणे सोयीचे ठरते. मेट्रो रात्रभर धावत नसल्यामुळे मध्यरात्रीच्या किंवा पहाटेच्या विमानासाठी रिक्षा-टॅक्सीचीच व्यवस्था करावी.