गावातल्या शेडमध्ये सीएनसी: आधी सांगाडा, मग मोटर

घरी सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमावर आपोआप कापणारी मशीन, बनवायची म्हटली की बहुतेक पोट्टे आधी मोटर आणि बोर्ड ऑनलाइन मागवून मोकळे होतात. सांगाडा मग घरातल्या फळ्यांचा ठोकतात, आणि पहिल्याच कामाला गोल भोक अंड्यासारखं निघतं. आमचं वेल्डिंगचं दुकान यवतमाळ जिल्ह्यातल्या कापूसपट्ट्यात आहे. तिथं मी मशीन उभी केली ती उलट्या बाजूनं, सांगाड्यापासून. नवीन माणसानंही तसंच करावं, असं माझं ठाम मत आहे.

कारण साधं आहे. इलेक्ट्रॉनिक्स सगळ्यांचं सारखंच असतं. आर्डुइनो उनो हा छोटा बोर्ड, त्यावर बसणारं सीएनसी शील्ड, पावलापावलानं फिरणाऱ्या स्टेपर मोटरचे तीन ड्रायव्हर आणि फुकट मिळणारं जीआरबीएल हे मशीन चालवणारं सॉफ्टवेअर, एवढ्यावर तीन अक्षांची मशीन चालते. बोर्ड खराब झाला तर दुसरा आणता येतो. वाकडा सांगाडा मात्र दर कामात नडतो.

काय कापायचं ते आधी ठरवा. प्लाय, एमडीएफ, सागवान यांना छोट्या बेडवर (काम ठेवायच्या पाटावर) नेमा १७ मापाची मोटर पुरते. ॲल्युमिनियम करायचं असेल तर त्याहून मोठी नेमा २३ घ्या आणि दर फेरीला थोडंथोडंच कापा. लोखंडाचं नाव या मशीनवर काढू नका.

बेड ३०० बाय ४०० मिलिमीटरच्या पुढं नेण्याचा मोहही आवरा. दोन टोकांवर टेकलेला गोल रॉड मधोमध किती वाकतो, हे त्याच्या लांबीच्या घनावर असतं. लांबी दुप्पट, तर वाक आठपट. उलट व्यास दुप्पट केला तर वाक सोळाव्या हिश्श्यावर येतो. त्यामुळं ८ मिलिमीटरचे लोंबते रॉड घेण्यापेक्षा खालून पूर्ण आधार असलेली १६ मिलिमीटरची रेल घ्या. खर्चाची कात्री दुसरीकडं लावा.

सांगाड्याला ५० बाय ५० चा चौकोनी पाइप झकास. वेल्डिंग येणाऱ्याचा इथं फायदा असतो आणि घातही इथंच होतो, कारण सलग शिवण मारली की पाइप ओढला जातो. आधी सगळीकडं नुसते टॅक (वेल्डिंगचे छोटे ठिपके) मारा, दोन्ही कर्ण मोजा, सारखे आले की समोरासमोरच्या कोपऱ्यांत आलटूनपालटून थोडी थोडी शिवण घ्या. तरीही रेलची जागा सपाट येत नाहीच. तिथं कोल्ड्रिंकच्या ॲल्युमिनियम कॅनची पट्टी कापून खाली सारायची. तिची जाडी साधारण ०.१ मिलिमीटर असते. एक पट्टी, दोन पट्ट्या, बोल्ट आवळा, डायल गेज (बारीक चढउतार काट्यावर दाखवणारं माप) रेलवरून सरकवा, काटा हलायचा थांबेपर्यंत. कंटाळवाणं आहे, पण मशीनची अचूकता इथंच ठरते. गुण्यावर भरवसा ठेवू नका. ३००, ४०० आणि ५०० चा त्रिकोण मोजून काटकोन बघा.

मोटरच्या कंसासाठी थ्रीडी प्रिंट केलेले पीएलए प्लास्टिकचे तुकडे स्वस्त मिळतात. पीएलए ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं, आणि मे महिन्यात आपल्याकडं पत्र्याखाली तापलेल्या मोटरला चिकटलेला कंस तिथवर सहज पोचतो. ॲल्युमिनियमचा अँगल कापा.

आता सेटिंग. मोटर एका फेऱ्याला २०० पावलं टाकते, ड्रायव्हर प्रत्येक पावलाचे १६ भाग करतो, म्हणजे ३,२०० झाले. लीडस्क्रू (अक्ष सरकवणारा आट्यांचा दांडा) एका फेऱ्यात अक्ष ८ मिलिमीटर सरकवत असेल तर मिलिमीटरला ४०० पावलं. हाच आकडा जीआरबीएलच्या $१००, $१०१, $१०२ या तीन अक्षांच्या सेटिंगमध्ये भरायचा. ड्रायव्हरला वीज असताना मोटरची वायर उपसू नका, ड्रायव्हर जळतो.

फीडच्या, म्हणजे पातं पुढं सरकण्याच्या वेगाच्या, बाबतीत नवखा माणूस घाबरून सावकाश चालवतो. सागवान काळं पडतं ते त्यामुळंच, कारण पातं कापत नाही, नुसतं घासतं. फीडला मिनिटाचे फेरे गुणिले पात्याच्या धारा या आकड्यानं भागा. १०,००० फेरे, दोन धारा आणि मिनिटाला ८०० मिलिमीटर म्हणजे दर धारेला ०.०४ मिलिमीटरची चीप. लाकडाला सुरुवात इथून करा. भुसा पिठासारखा उडाला तर फीड वाढवा किंवा फेरे कमी करा. तोंडाला मास्क हवाच, एमडीएफची धूळ वाईट.

गावातला खरा शत्रू म्हणजे लाइन. शेतातले पंप सुरू झाले की व्होल्टेज बसतं, आणि भर कामात लाइन जाणं तर नेहमीचंच. स्टेपर मोटरला आपण कुठं आहोत ते कळत नाही. वीज आली की मशीन जिथं उभी असेल तिथंच शून्य समजते. म्हणून लिमिट स्विच (अक्षाच्या टोकाला दाबला जाणारा स्विच) ही इथं चैन नव्हे. $२२ ही सेटिंग चालू करून होमिंग लावा, म्हणजे मशीन स्विचला जाऊन टेकते आणि आपली जागा ओळखते, आणि कामाचा शून्यबिंदू जी५४ मध्ये ठेवा, तो बोर्डाच्या मेमरीत टिकतो. जी९२ नं ठेवलेला शून्य वीज जाताच पुसला जातो. लाइन आली की होमिंग करायचं, पात्याला वर घ्यायचं, स्पिंडल (पातं फिरवणारी मोटर) चालू करायचा आणि तुटलेल्या ओळीच्या थोडं मागून फाइल सुरू करायची. फाइलच्या वरची जी२१ (मापं मिलिमीटरमध्ये), जी९० (मापं शून्यबिंदूपासून) ही ओळ पुन्हा द्यायला विसरू नका. स्विच उगाच ट्रिप होत असतील तर आधी अर्थिंग तपासा, मग शील्डेड वायर टाका.

दुकानात येणारे विचारतात, ‘मशीन आपोआप चालून राह्यली, मंग तू काय करून राह्यला?’ इमर्जन्सी बटणाजवळ हात ठेवून उभा असतो, दुसरं काय.

आयटीआयच्या पोरांसाठी एक गोष्ट. जी००, जी०१, जी०२, जी५४, एम०३ हे मशीनला द्यायचे हुकूम इथं शिकलात तर बुटीबोरीच्या एमआयडीसीत व्हीएमसी या कारखान्यातल्या मोठ्या सीएनसी मशीनवर तसेच उपयोगी पडतात. मात्र ड्रिलिंगची जी८१ सायकल आणि टूल बदलायचं एम०६ जीआरबीएल चालवत नाही, ते वेगळं शिकावं लागेल. मुलाखतीला घरची मशीन सांगाल तेव्हा हा फरकही सांगा, समोरचा माणूस लगेच ओळखतो की हातानं काम केलेलं आहे.

कामं आधी सोपी घ्या: सागवानी नावाच्या पाट्या, एमडीएफची जाळी. दर मशीनच्या मिनिटावर लावा आणि डिझाइनचे पैसे वेगळे घ्या, कारण गिऱ्हाईक मोबाइलवरचा धूसर फोटो दाखवून ‘असंच पाहिजे’ म्हणतं, आणि अर्धा दिवस इंकस्केप या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये रेषा सरळ करण्यात जातो.