स्कोप घेताय? हॉक का व्हेक्टर यावर भांडण्याआधी या चुका टाळा

कोल्हापूरला रायफलचा नाद जुनाच आहे. तेजस्विनी सावंतनं 2010 ला म्युनिकमध्ये 50 मीटर प्रोनचं, म्हणजे पालथं झोपून मारायचं, वर्ल्ड चॅम्पियनशिपचं सोनं आणलं, आणि 2024 ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला ब्राँझ घेतलं तेव्हापासून तर घरोघरी पोरं एअर रायफलसाठी मागं लागलीत. आणि रायफल आली की लगेच स्कोपचं, म्हणजे वर बसवायच्या नेमाच्या दुर्बिणीचं सुरू, हॉक घेऊ का व्हेक्टर, डिस्कव्हरी स्वस्त पडतीय, का बुशनेलच घेऊन टाकू? माझं कळकळीचं सांगणं आहे, ब्रँड सगळ्यात शेवटी बघा.

मॅच खेळायची असेल तर स्कोप घेऊच नका. आयएसएसएफ म्हणजे आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघ, त्यांच्या 10 मीटर आणि 50 मीटर रायफलला मोठं करून दाखवणारा स्कोप चालतच नाही, तिथं पीप साइट असते, म्हणजे बारीक भोकातनं बघून नेम धरायचा. कोल्हापुरातल्या दुधाळीच्या शूटिंग रेंजवर जाऊन आधी कोचना विचारा, मग पैसे काढा.

डबे नाहीतर कागदाचं टार्गेट मारायचंय, त्यांनी आधी आपली रायफल कुठली ते बघावं. स्प्रिंगची असेल तर "महागडा स्कोप म्हणजे दणकट" हे डोक्यातून काढा. गोळीच्या बंदुकीचा धक्का मागं बसतो, पण स्प्रिंगवालीत पिस्टन पुढं सुटताना रायफल मागं येते आणि पिस्टन टोकाला आपटला की परत पुढं हिसका देते, आणि हा उलटा हिसका सोसायला न बनवलेला चांगला नावाजलेला स्कोपसुद्धा आतून ढिला होतो. म्हणून मॉडेल एअरगनसाठी आहे का ते बघा. एकाच हॉकमध्ये व्हँटेज सिरीज वेगळी, एअरमॅक्स वेगळी, मग नुसतं "हॉक भारी" म्हणून काय उपयोग? पीसीपी, म्हणजे टाकीत आधीच दाबून हवा भरलेली रायफल असेल तर ह्या धक्क्याचं टेन्शन नाही.

दुसरी मोठी गडबड पॅरॅलॅक्सची, म्हणजे डोळा हलला की नेमपण टार्गेटवरनं सरकल्यासारखा दिसतो. गोळीच्या मोठ्या रायफलचे बरेच स्कोप 100 यार्डाला सेट असतात, 15 मीटरवर चित्र धुरकट दिसतं आणि नेम पण हलतो. दुकानातच बघता येतं: रायफल पिशवीवर टेकवून ठेवा, हात लावू नका, आणि स्कोपमधनं बघत डोकं जरासं डावी-उजवीकडं हलवा. आतला नेमाचा क्रॉस टार्गेटवर सरकायला लागला तर त्या अंतराला तो स्कोप तुमच्या कामाचा नाही. एओ (पुढच्या भिंगाची रिंग फिरवून अंतर लावायचा) किंवा साइड फोकसवाला (बाजूचं चाक फिरवून लावायचा) घ्या, आणि त्या रिंगवरचा नाहीतर चाकावरचा सगळ्यात लहान आकडा 10 यार्ड आहे का तेवढं वाचा.

6-24x50 चा, म्हणजे 6 ते 24 पट मोठं दाखवणाऱ्या आणि 50 मिलिमीटरचं पुढचं भिंग असलेल्या स्कोपचा हट्ट पण सोडा. 24 वर डोळ्यात येणारा प्रकाशाचा गोल जेमतेम 2 मिलिमीटरचा, संध्याकाळी अंधारच दिसणार. 3-9x40 मध्ये 9 वर तोच साडेचारच्या आसपास असतो, 25 मीटरला एवढं भरपूर झालं.

"टरेट फिरवला तरी काहीच होत नाही, कंपनीनं फसवलं" ही तक्रार लय ऐकायला मिळते. टरेट म्हणजे नेम वर-खाली, डावी-उजवीकडं सरकवायचं स्कोपवरचं बटण. अहो, पाव एमओएचा (एमओए हे कोनाचं बारीक माप) एक क्लिक 100 मीटरला साधारण 7 मिलिमीटर, म्हणजे 10 मीटरला पाऊण मिलिमीटर पण नाही. पेलेट, म्हणजे छर्राच 4.5 मिलिमीटरचा, एका भोकाएवढं सरकायला सहा क्लिक लागतात.

झिरो, म्हणजे एकदा जुळवलेला नेम, टिकत नसेल तर स्कोपला शिव्या घालायच्या आधी माउंट, म्हणजे स्कोप रायफलला धरून ठेवणारा भाग बघा. स्प्रिंगवालीवर माउंट हळूहळू मागं सरकतो, डोळ्यांना कळत पण नाही. माउंटच्या मागच्या कडेला लागून रेलवर, म्हणजे तो बसतो त्या रायफलवरच्या पट्टीवर, मार्करनं बारीक रेघ मारा आणि वीस-तीस पेलेट मारा. रेघ माउंटखाली गेली तर दोष सापडला, मागं सरकू न देणारी खिळी असलेला, स्टॉप पिनवाला माउंट घ्या. तरी भागलं नाही तर रायफलच्या दस्त्याचे स्क्रू आवळा, पेलेट बदलून बघा. स्कोपभोवतीच्या माउंटच्या रिंगचे स्क्रू मात्र जीव खाऊन पिळू नका, नळी चेपते आणि मग टरेट अडकतो, आणि असल्या स्कोपला वॉरंटी पण बऱ्याचदा मिळत नाही.

आपल्याकडच्या पावसात भिंगाच्या बाहेर वाफ धरली तर पुसून टाका, पण आत धरली तर सील गेलंय, आत वाफ धरू नये म्हणून भरलेला नायट्रोजन वायूही निघून गेलाय, घरी खोलू नका. बिल घेऊन दुकानात जा, म्हणून बिलाशिवाय स्कोप घ्यायचाच नाही, कुठल्याही ब्रँडचा असूदे.

आणि रंकाळा तळ्यावरच्या, शेतातल्या पक्ष्यांवर हे अजिबात लावू नका. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं शिकार गुन्हा आहे, एअरगननं केली तरी.