रोशा गवत : कापणीची वेळ आणि भट्टीवरची काळजी

पाऊस उघडून ऑक्टोबरचे ऊन पडू लागले की रोशाला, म्हणजेच सुगंधी तेल देणाऱ्या तिखाडी गवताला, तुरे येतात. वर्षभराच्या मेहनतीचे तेल आता या पंधरवड्यात हाती येते किंवा हातचे जाते. सर्वांत जास्त तेल तुऱ्यात असते, त्याखालोखाल पानांत. काडीत जवळजवळ नाहीच. म्हणून तुरे उमलल्यावर आठ-दहा दिवसांत कापणी उरका. बी पिकेपर्यंत थांबलात तर वजन मिळेल, तेल नाही. दव उडाल्यावर, कोरड्या दिवशी, जमिनीपासून 10 ते 15 सेंटीमीटर वर कापा. बुडखे जपले तर फुटवा चांगला येतो.

कापलेले गवत एक रात्र सावलीत पातळ पसरून सुकवा. पाणी उडते, भट्टीच्या भांड्यात जास्त गवत मावते, सरपणही वाचते. ढीग मात्र घालू नका. ढीग आतून तापतो, गवत कुजते आणि तेलाला वास लागतो.

खरे नुकसान भट्टीवर, म्हणजे वाफेने तेल काढताना होते, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. भांड्यात तळाशी जाळी हवीच, गवत थेट तापलेल्या पत्र्याला टेकले की करपते आणि करपट वास तेलातून जात नाही. गवत दाबून, सगळीकडे सारखे भरा. पोकळी राहिली की वाफ तिथूनच पळते. थंड करणाऱ्या नळीतून येणारे पाणी हाताला गरम लागत असेल तर तेल वाफेबरोबर उडून चालले आहे, जाळ कमी करा किंवा टाकीतले पाणी बदला. ऊर्ध्वपातनाला, म्हणजे वाफेने तेल काढण्याला, दोन ते तीन तास धरा. विभाजकात, म्हणजे तेल आणि पाणी वेगळे करणाऱ्या भांड्यात, तेल वर तरंगते, पण रोशाचा मुख्य घटक जिरॅनिऑल पाण्यात थोडा विरघळतो. त्यामुळे खालचे पाणी फेकून देऊ नका, पुढच्या घाण्याला तेच भांड्यात घाला. आदल्या दिवशी त्याच भट्टीत गवती चहाचे तेल काढले असेल तर आधी नुसती वाफ सोडून भांडे धुऊन घ्या.

क्विंटलभर हिरव्या गवतातून साधारण 300 ते 500 ग्रॅम तेल निघते. म्हणून थेंब न् थेंब मोलाचा. तेल कोरड्या फडक्यातून गाळा, पाण्याचा अंश राहू देऊ नका आणि काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात गळ्यापर्यंत भरून अंधारात ठेवा. प्लास्टिकचे कॅन टाळा.

रोशाचे मोतिया आणि सोफिया हे दोन प्रकार दिसायला सारखेच, पण मोतियाला गुलाबाचा सुवास असतो, तर सोफियाच्या तेलात जिरॅनिऑल कमी आणि भावही कमी. एके काळी खानदेशातले रोशेल, म्हणजे रोशाचे तेल, मुंबईमार्गे तुर्कस्तानापर्यंत जायचे आणि गुलाबाच्या अत्तरात मिसळले जायचे, ते या मोतियाच्या सुवासामुळेच. शेतात वेगळ्या वासाचे ठोंब दिसले तर बी धरण्याआधी उपटून टाका. नवीन लागवडीसाठी लखनौच्या सीमॅप या औषधी व सुगंधी वनस्पतींच्या संशोधन संस्थेच्या तृष्णा, तृप्ता किंवा पीआरसी-1 या जातींचे बी घ्या.

विक्रीआधी नमुना प्रयोगशाळेत देऊन जिरॅनिऑलचे प्रमाण लिहून घ्या, मगच व्यापाऱ्याशी भावाचे बोला. भट्टीतून निघालेले चोथा गवत वाळवून पुढच्या घाण्याला सरपण म्हणून वापरा किंवा ओळींत आच्छादन म्हणून पसरा.