दुखण्याची गोळी पुरेशी पडेना? मग या चुका टाळा

इंदिरानगरला माझ्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात रोज कुणी ना कुणी हेच सांगतं, "मॅडम, आता गोळीनं भागत नाही." कंबर असो, मान असो की गुडघा. तीन महिन्यांहून जास्त टिकलेल्या दुखण्याला जुनाट म्हणतात आणि त्यात गोळीचा असर कमी वाटू लागणं नवीन नाही. त्यानंतर लोक जे करतात ते बघून मात्र जीव तुटतो.

पहिली चूक मेडिकलच्या काउंटरवर होते. डॉक्टरांनी दिलेल्या गोळीत ॲसिक्लोफिनॅक आणि पॅरासिटामॉल असतं. ती पुरेना म्हणून दुकानातून दुसऱ्या नावाची पट्टी येते, तिच्यात डायक्लोफिनॅक आणि पुन्हा पॅरासिटामॉल. वर सर्दीची गोळी, तिच्यातही तेच. पॅरासिटामॉलची मर्यादा धडधाकट मोठ्या माणसाला दिवसाला ४ ग्रॅम आहे. लिव्हरचा त्रास किंवा दारू असेल तर त्याहून कमी. ॲसिक्लोफिनॅकही डायक्लोफिनॅकच्याच जातीचं. या जातीच्या दोन गोळ्या एकत्र घेऊन दुखणं दुप्पट कमी होत नाही, पोटात रक्तस्राव आणि किडनीवर ताण यांचा धोका तेवढा वाढतो. बीपीची औषधं चालू असतील तर जास्तच. मी पेशंटला घरातल्या सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून आणायला लावते. पाठीमागची बारीक अक्षरं आम्ही दोघं वाचतो, सारख्या औषधांवर पेनानं खूण करतो आणि ती पिशवी त्यांच्या डॉक्टरांकडे पाठवते.

याच्या उलटही करू नका. नसांच्या दुखण्यावरचं प्रीगॅबालिन किंवा जोरदार दुखण्यावरचं ट्रॅमाडॉल एका दिवसात बंद करायचं नसतं, डोस डॉक्टर हळूहळू उतरवतात. आणि वैदूच्या पुडीनं दोन दिवसांत पळायला लागलात तर आधी घाबरा. अशा पुड्यांत स्टेरॉइड सापडलेलं आहे.

आता माझ्या सगळ्यात जिव्हाळ्याची चूक. बरं वाटलं त्या दिवशी सगळी कामं उरकून घेणं.

दिंडोरीकडच्या एक ताई मान आणि खांद्याच्या दुखण्यासाठी यायच्या. घरची द्राक्षबाग. ऑक्टोबर छाटणीनंतर घडांची विरळणी सुरू झाली की दिवसभर मांडवाखाली मान वर, हात वर, हातात कात्री. गोळी अर्धाच दिवस टिकायची. आमचं ठरलं होतं की त्रास न होता त्यांना जमतं वीस मिनिटं, तर काम करायचं पंधरा. मोबाईलवर गजर लावायचा, वाजला की दुखत नसलं तरी कात्री खाली ठेवायची आणि मान खाली ठेवून होणारं काहीतरी करायचं. सासूबाईंना हा गजर मुळीच पसंत नव्हता, तरी ताईंनी पाळला. त्रास कमी होत गेला. मग एका सकाळी मान हलकी वाटली, त्यात मजूर आले नव्हते. त्यांनी गजर बंद केला आणि संध्याकाळपर्यंत ओळीच्या ओळी उरकल्या. दुसऱ्या दिवशी मान वळेना, हाताला मुंग्या, चार दिवस अंथरूण. फोन आला, "मॅडम, व्यायाम सोसत नाही, बंद करू का?"

व्यायामाचा काही संबंध नव्हता. जुन्या दुखण्यात मज्जारज्जू आणि मेंदू अतिसंवेदनशील होतात, थोड्या ताणालाही मोठी कळ उठवतात. म्हणून आज दुखतंय किंवा दुखत नाही, यावर कामाचं माप ठरवता येत नाही. माप घड्याळानं ठरवायचं: चांगल्या दिवशी तेवढंच, वाईट दिवशी थोडं कमी पण शून्य नाही. वाढवायचं ते आठवड्याला दोन-तीन मिनिटांनी. आम्ही दहा मिनिटांपासून पुन्हा सुरुवात केली आणि त्यांनी तो हंगाम पुढे अंथरूण न धरता काढला. दुखणं पूर्ण गेलं नाही. रात्रीची झोप परत आली, आणि मला ते मोठं वाटतं.

"आठवड्यात किती टक्के फरक पडेल?" असं पहिल्याच दिवशी विचारणाऱ्यांची मला काळजी वाटते. व्हिडिओ बघून थेट प्लँक मारणारे यांच्यातलेच.

एमआरआयच्या अहवालावरून आयुष्याचा निकाल लावू नका. २०१५ च्या एका मोठ्या आढाव्यात, पाठ अजिबात दुखत नसलेल्या पन्नाशीतल्या दहापैकी आठ जणांच्या मणक्यांच्या चकत्या झिजलेल्या दिसल्या.

कमरेचा पट्टा दिवसभर बांधून ठेवू नका.

ॲमिट्रिप्टिलिन किंवा ड्युलोक्सेटिन लिहून दिलं की भाचा गुगल करून सांगतो, ही डिप्रेशनची गोळी, आणि पट्टी कचऱ्यात जाते. दुखण्याचे संदेश मंदावणाऱ्या मज्जामार्गांवरही ही औषधं काम करतात. शंका असेल तर लिहून देणाऱ्यालाच विचारा. फक्त "दुखतंय" म्हणू नका. किती वेळ बसता येतं, रात्री किती वेळा जाग येते, गोळी किती तास टिकते, हे लिहून न्या. त्यावरूनच डॉक्टर औषध बदलायचं की पेन क्लिनिकला, म्हणजे फक्त दुखण्यावर उपचार करणाऱ्या दवाखान्यात, पाठवायचं हे ठरवू शकतात.

कंबरदुखीत लघवी-संडासवरचा ताबा सुटला, जांघेत बधिरपणा आला किंवा पायातली ताकद जाऊ लागली, तर यातलं काहीही करत बसू नका. रात्रीचे दोन वाजले असले तरी थेट हॉस्पिटल गाठा.