परदेशी निघण्याआधी घरच्या नेटचं एवढं करून या

बेळगाव, खानापूर, निपाणीकडून जर्मनीत येणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगतो: घरचं नेट इकडून वापरायचं असेल तर त्याची सोय विमानात बसण्याआधी करा. इथून फोनवर बाबांना राउटरची सेटिंग समजावणं दोघांनाही फार जड जातं.

आपल्याकडची बरीच ॲप्स इथे उघडली की 'तुमच्या देशात उपलब्ध नाही' म्हणतात. विकतचा व्हीपीएन, म्हणजे आपलं नेट दुसऱ्या ठिकाणाहून चाललंय असं दाखवणारी सेवा, घेऊन हे सुटेलच असं नाही. २०२२ मध्ये सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने ग्राहकांची नोंद ठेवायचा नियम आणला, तेव्हा बऱ्याच मोठ्या व्हीपीएन कंपन्यांनी भारतातले सर्व्हर काढून घेतले. शिवाय त्यांचे आयपी पत्ते (नेटवरचे कनेक्शनचे नंबर) ॲप्सना ओळखू येतात. घरच्या कनेक्शनचा पत्ता मात्र साध्या घरगुती ग्राहकाचाच दिसतो.

घरी एक अँड्रॉइड टीव्ही बॉक्स किंवा रास्पबेरी पाय हा छोटा संगणक राउटरला केबलने जोडा. त्यात टेलस्केल (आपलीच उपकरणं एकमेकांना जोडणारं व्हीपीएन ॲप) टाकून त्याला 'एक्झिट नोड' करा, म्हणजे तुमचं नेट त्या बॉक्समधून बाहेर पडेल, आणि तुमच्या खात्यातून मंजुरी द्या. आपल्याकडे बऱ्याच कनेक्शनना स्वतंत्र पब्लिक आयपी नसतो, तरी टेलस्केल चालतं. राउटरमध्ये पोर्ट उघडावा लागत नाही. एक गोष्ट मात्र विसरू नका. त्या बॉक्सची 'की एक्स्पायरी', म्हणजे लॉगिनची मुदत, बंद करा. नाहीतर १८० दिवसांनी तो आपोआप लॉगआउट होतो, आणि तेव्हा तुम्ही इथे असता.

इथला वेग कितीही असला तरी गाडी अडते ती घरच्या अपलोडवर. चित्र आधी घरी उतरतं आणि तिथून तुमच्याकडे चढतं. एचडीला साधारण ५ एमबीपीएस लागतात, म्हणून अपलोड किमान १० तरी असू द्या. केबलवाल्याच्या प्लॅनमध्ये हा आकडा बऱ्याचदा सांगतच नाहीत. स्वतः मोजून बघा. डेटाची मर्यादा असेल तर तासाला ३ जीबीचं चित्र येता-जाता मिळून ६ जीबी खातं, हेही धरा.

खरी अडचण लाईटची. खानापूरच्या पावसात ती कधी जाईल सांगता येत नाही. घरात इन्व्हर्टर असतो, पण राउटरचा प्लग नेमका त्याच्या लाइनवर नसतो. फायबरचा डबा, राउटर आणि बॉक्स, तिन्ही इन्व्हर्टरच्या बोर्डावर घ्या. त्या स्विचवर मोठ्या अक्षरात 'बंद करू नये' असं लिहून चिकटपट्टी लावा, कारण झोपताना घरभरचे स्विच बंद करायची आईची सवय काही सुटत नाही.

हे कनेक्शन बाबांच्या नावावर आहे. तुम्ही त्यावरून जे कराल ते त्यांच्या घरून झालेलं दिसेल. म्हणून रूममेटला, मित्राच्या मित्राला त्याचा ॲक्सेस कधीही देऊ नका. जे इथे अधिकृत मिळतं ते इथलीच वर्गणी भरून बघा. काही सेवांच्या अटींत व्हीपीएन चालत नाही. त्या आधी वाचा. दुबई, अबुधाबीला जाणाऱ्यांनी तर तिथला व्हीपीएनचा कायदा समजून घेतल्याशिवाय याला हातच लावू नये.

सगळं जोडून झालं की निघण्याच्या आठवडाभर आधी दुसऱ्या गावी पाहुण्यांकडे जा, मोबाइल डेटावरून फोनच्या टेलस्केलमध्ये घरचा एक्झिट नोड लावा आणि तासभर मॅच बघा. मध्येच घरी फोन करून मेन स्विच पाडून पुन्हा लावायला सांगा. बॉक्स कुणी हात न लावता परत जोडला गेला पाहिजे.