रोज एकच काम : वाईतल्या निवांत निवृत्तीची कृती

पुण्या-मुंबईत नोकरी करून निवृत्तीनंतर वाईत परतणारी मंडळी आमच्याकडे अधूनमधून येत असतात. पहिला महिना झकास जातो. घराला रंग होतो, कुंड्या येतात, नातेवाइकांना बोलावून जेवणं होतात. मग रस्त्यात गाठ पडली की ठरलेली तक्रार ऐकू येते, "काकू, इथे सगळं दहाच्या आत उरकतं हो. मग दिवसभर करायचं काय?"

पण उरकायला सांगितलंय कोणी? गाव एवढंसं. भाजी, बँक, पोस्ट, औषधाचं दुकान, पिठाची गिरणी, सगळं चालत जाऊन एका फेरीत होतं. शहरात एका कामासाठी अर्धा दिवस मोडायचा म्हणून तिथे चार कामं जोडून करायची सवय लागते. ती सवय इथे आणली की अकरा वाजता माणूस रिकामा होतो आणि टीव्हीवरच्या बातम्या लावून स्वतःचा रक्तदाब वाढवून घेतो. मी पोस्टात काउंटरला होते. निवृत्ती कोणाला मानवलीय आणि कोणाला नाही, हे मला पासबुक पुढे सरकवण्यावरून कळायचं. मानवलेला माणूस नोंद करून झाल्यावरही काउंटरला टेकून उभा राहायचा, पाऊसपाण्याचं विचारायचा. मागची रांग चिडायची, ते वेगळं.

तर नियम एकच : दिवसाला घराबाहेरचं एक काम. दुसरं आठवलं तर ते उद्याचं.

हे पाळायला कालनिर्णय पुरतं. दुधाचे खाडे आणि गॅस लावल्याची तारीख जिथे लिहिता, त्याच चौकटीत पेन्सिलीने एक शब्द लिहायचा : "दळण". "चष्मा". "बँक". पेन्सिलच हवी, कारण पाऊस आला की दळण परवावर जातं आणि त्यात काही बिघडत नाही. दळणाच्या दिवशी डबा ठेवून घरी यायचं नाही, गिरणीतच बसायचं. आपलं पीठ आपल्यासमोर पडतं आणि गावात कोणाचं लग्न ठरलं, कोणाचं मोडलं, तेही कळतं.

पैशाचा दिवस

हा दिवस मात्र नीट निवडावा. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचं व्याज तिमाहीला मिळतं : एप्रिल, जुलै, ऑक्टोबर आणि जानेवारीच्या पहिल्या तारखेला. त्या आठवड्यात सगळं गाव पासबुक घेऊन हजर. व्याज कुठे पळून जात नाही, ते तुमच्या बचत खात्यात जमा झालेलं असतं. तुम्ही दहा तारखेनंतर जा, खुर्ची मिळेल. १ एप्रिलला तर बँकांत वार्षिक हिशेबामुळे लोकांसाठी व्यवहार बंदच असतात, तरी दर वर्षी कोणीतरी शटरसमोर उभं दिसतं. ज्यांनी ही योजना अजून घेतली नाही त्यांच्यासाठी : साधारणपणे साठी पूर्ण हवी, एका माणसाला ३० लाखांपर्यंत ठेवता येतात, मुदत ५ वर्षं, आणि खातं उघडताना जो दर असेल तोच त्या मुदतीत कायम राहतो. अर्जावर वारसाचं नाव घालाच. सगळे "नंतर बघू" म्हणतात आणि मग मुलांना कागद गोळा करत हिंडावं लागतं.

नोव्हेंबरातला हयातीचा दाखला हे माझ्या मते वर्षातलं सगळ्यात गमतीचं काम, कारण आपण जिवंत आहोत हे पुराव्यानिशी सांगायचं असतं. ८० वर्षांवरच्या केंद्र सरकारी पेन्शनरांना १ ऑक्टोबरपासूनच तो देता येतो. ती सवलत घ्या, नोव्हेंबरची गर्दी टळते. २०१४ पासून जीवन प्रमाण, म्हणजे हयातीचा डिजिटल दाखला, आल्यावर हे काम अंगठ्यावर होऊ लागलं, पण म्हातारे अंगठे यंत्राला पटत नाहीत. आयुष्यभर भांडी घासलेल्या, शेतात राबलेल्या बोटांवरच्या रेषा पुसट झालेल्या असतात. यंत्र लाल दिवा दाखवतं आणि समोरची आजी घाबरते, आता पेन्शन बंद होणार की काय. मी काउंटरला असताना सांगायचे : आधी हात कोमट पाण्याने धुवा, कोरडे करा, हाताला किंचित तेल किंवा व्हॅसलीन चोळून पुसून टाका, मग बोट दाबू नका, नुसतं टेकवा. अंगठा नाही जमला तर दुसरं बोट. आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही होतं. उजेडाकडे तोंड करून, पाठीशी मोकळी भिंत ठेवून बसायचं, चष्मा काढायचा आणि सांगितलं की पापण्या मिटायच्या. नातवंडांना हे दोन मिनिटांत जमतं. घराबाहेर पडताच येत नसेल तर पोस्टमन थोडं शुल्क घेऊन घरी येऊन दाखला करतो. हे पुष्कळांना माहीत नाही, म्हणून इथे मुद्दाम लिहिलं.

घाट

कामाचा दिवस असो वा नसो, घाटावर रोज. ही फेरी कामात धरत नाही.

गणपती घाटावर सकाळी जावं. ढोल्या गणपतीचं देऊळ १७६२ साली गणपतराव भिकाजी रास्त्यांनी बांधलं. लोक पुढून दर्शन घेतात आणि निघतात. तुम्हाला वेळ आहे, तर मागे जा. देवळाची मागची भिंत माशासारखी निमुळती केलेली आहे. कृष्णेला पूर आला की पाणी त्या टोकावर फुटतं आणि दोन्ही बाजूंनी वाहून जातं. पावसाळ्यात सुरक्षित अंतरावर उभं राहून हे पाहावं. पूर ओसरल्यावर आठ-पंधरा दिवस मात्र पायऱ्यांवर उतरायचं नाही, शेवाळ असतं. आपल्या वयात मोडलेलं हाड चार महिने घेतं, आणि तेवढा वेळ कालनिर्णयच्या चौकटीत एकच शब्द राहतो : "फिजिओ".

बसायला जुन्या सतरंजीची घडी न्या, दगड गार असतो. कट्ट्यावर आजारांना बंदी घालता येत नाही, पण मर्यादा घालता येते. आमच्याकडे ज्याला गुडघ्याबद्दल बोलायचं त्याने ते पहिल्या चहाच्या आत बोलून घ्यायचं. दुसऱ्या चहाला राजकारण, आणि कोणाचा आवाज चढला की विषय थेट हळदीच्या भावावर नेण्याची जबाबदारी माझ्याकडे असते.

हिवाळा सरायला लागला की कृष्णाबाईचा उत्सव येतो. गंगापुरी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह आळी असा तो सात घाटांवर पाळीपाळीने होतो, आणि त्याची कथा अफजलखानाच्या स्वारीच्या वेळच्या नवसाशी जोडलेली आहे. नव्याने आलेल्यांनी तिथे नुसतं दर्शनाला जाऊ नये, पंगतीत वाढायला उभं राहावं. एका पंगतीत मीठ-लिंबू वाढलं की वर्षभर लोक नावाने हाक मारतात. वाकणं जमत नसेल तर पानं पुसायला बसा.

दुपार

जेवण झालं की डाव्या कुशीवर पडायचं, पण गजर लावून. अर्ध्या तासाची वामकुक्षी गोड लागते, दोन तासांची रात्री हिशेब चुकता करते.

उठल्यावर वाचन. वाईत राहून विश्वकोश वाचला नाही तर काय उपयोग? तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे पहिले प्रमुख संपादक, पहिला खंड १९७६ चा, आणि सगळं काम आपल्याच गावात बसून झालेलं. रोज एक नोंद. खंड हातात घेऊन, कुठलंही पान उघडून. आता तो इंटरनेटवरही फुकट आहे, पण तिथे हवं तेच शोधलं जातं. "गांडूळ" शोधायला कोण जाणार? पुस्तकात ते आपोआप समोर येतं आणि दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर सांगायला विषय होतो.

बायकांसाठी थोडं वेगळं. नवरा निवृत्त झाला की तो घरात असतो, म्हणजे चहाची एक खेप वाढते, आणि आपली निवृत्ती तिथेच संपते. सुरुवातीलाच वाटणी करावी, नंतर जमत नाही. आमच्याकडे दुपारचा चहा, भाजी निवडणं आणि पाणी भरणं ह्यांच्याकडे. मटार सोलताना निम्मे पोटात जातात, चालायचंच. रात्री स्वयंपाक करायचा नाही. मुगाची खिचडी, नाहीतर सकाळच्या भाकरीचा कुस्करा, ताक. पाहुणे असले तरी.

एसटी

महिन्यातून एकदा गाव सोडावं, पण गाडीने नव्हे, एसटीने. ७५ पूर्ण झालेल्यांना प्रवास फुकट आहे, ६५ ते ७५ मध्ये अर्धं तिकीट, आणि २०२३ पासून बायकांना कुठल्याही वयात अर्धं. आधार कार्ड हाताशी ठेवा, कंडक्टर मागतो. पिशवीच्या तळाशी ठेवलंत तर पसरणी घाट संपेपर्यंत सापडणार नाही. माझी आवडती फेरी भिलारची. पाचगणीला उतरून पुढची गाडी धरायची. पुस्तकांचं गाव ते, २०१७ पासून घराघरांत कपाटं लावून पुस्तकं ठेवलीत. कोणाच्याही ओसरीवर बसून वाचा. दुपारी परतायचं, कारण घाटात संध्याकाळी गारठा असतो. रविवारी मात्र नको, पुणेकरांच्या गाड्या घाटात अडकतात.

मे महिना वसंत व्याख्यानमालेचा. त्या महिन्यात रोजचं एक काम ठरलेलंच असतं, त्यामुळे बाकीची चौकट रिकामी ठेवा. लवकर जा, पंख्याखालची खुर्ची धरा, आणि वक्ता कंटाळवाणा निघाला तर उठण्याचा अधिकार आपल्याला वयाने दिलेला आहे. फक्त काठीचा आवाज करू नये.

मुलं सुट्टीला आली की हे वेळापत्रक मोडतं. त्यांना दोन दिवसांत सगळं बघायचं असतं. मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा, घाट, १७३९ च्या वसईच्या विजयानंतर तिकडून आणलेली ती मोठी घंटा, धोमचं नृसिंहाचं देऊळ, धरण, आणि वाटेत कुठेतरी मिसळ. अडवू नका. तुम्ही मेणवलीलाच उतरा आणि सांगा, येताना घ्या. त्या घाटावर एक सकाळ आरामात जाते. धोमला आपण पुढच्या आठवड्यात जाऊ, चौकटीत लिहून ठेवलंय.